बिनडायचा एमआरआय: धमनीतलं रक्त दिसतं तरी कसं?

मामांच्या हातातल्या चिठ्ठीवर डॉक्टरांनी एकच ओळ लिहिली होती: 'एमआर अँजिओ, दोन्ही पाय, विदाउट कॉन्ट्रास्ट'. म्हणजे पायाच्या धमन्यांचं एमआरआयने चित्र काढायचं, पण त्या उठून दिसाव्यात म्हणून टोचतात तो डाय, म्हणजेच कॉन्ट्रास्ट, न देता. मामा अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि त्यांना मधुमेह होऊन वीस वर्षं झाली. सकाळी सारसबागेपासून चालत निघायचं आणि पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून यायच्या, हा त्यांचा जुना नेम. गेल्या पावसाळ्यापासून मात्र शंभरेक पावलं चाललं की पोटरी भरून यायची, दोन मिनिटं थांबलं की मोकळी व्हायची. रक्ततपासणीत क्रिएटिनिन २.९ आलं, म्हणजे मूत्रपिंडंही थकलेली.

चिठ्ठीचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडला आणि चर्चेला ऊत आला. मामेभाऊ म्हणाला, डाय न टोचता केलेली अँजिओग्राफी म्हणजे अर्धवट तपासणी, दुसरीकडे जाऊ. मावशी म्हणाली, बरं झालं, डाय म्हणजे विषच. शेवटी मामांनी मला फोन केला. "अगं, तू फिजिक्स शिकवतेस ना? मग मला एवढंच सांग, रंग न घालता नळातलं पाणी दिसणार कसं?"

हा प्रश्न मामांच्या एकट्याचा नाही. मधुमेह आणि किडनीचं दुखणं एकत्र असलेल्या रुग्णांच्या चिठ्ठीवर 'विदाउट कॉन्ट्रास्ट' हे शब्द अनेकदा दिसतात, आणि पाच मिनिटांच्या ओपीडीत त्यांचा अर्थ सांगायला कुणाला सवड नसते. म्हणून मामांना सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

एमआरआय मुळात ऐकतो कुणाचं?

आपल्या शरीराचा निम्म्याहून जास्त भाग पाणी आहे आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू आहेत. या अणूचं केंद्रक एखाद्या इवल्या चुंबकासारखं वागतं. एमआरआयच्या बोगद्यात साधारण दीड टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं. होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या ते सुमारे तीस हजार पट. एवढ्या जोरातही सगळी केंद्रकं एका दिशेला वळत नाहीत. क्षेत्राच्या दिशेची आणि उलट दिशेची अशी दोन्ही बाजूंची वजाबाकी केली तर दहा लाखांत पाचेकच जास्तीची निघतात. पण थेंबभर पाण्यातही रेणूंची संख्या इतकी अफाट असते की तेवढ्यावर काम भागतं.

मग यंत्र रेडिओलहरींचा एक छोटा झटका देतं. दीड टेस्लाला त्याची वारंवारता सुमारे ६४ मेगाहर्ट्झ, आपल्या एफएम स्टेशनांच्या थोडी खाली. केंद्रकं त्या झटक्याला उत्तर देतात, म्हणजे तीही क्षीण रेडिओलहरी सोडतात, आणि यंत्राची अँटेना त्या टिपते. कुठून किती मोठं उत्तर आलं याचा नकाशा म्हणजे एमआरआयचं चित्र. यात एक्स-रे नसतात.

(पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगावकडे गेलं की खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्या लागतात, एकेक ४५ मीटर व्यासाची. त्याही आकाशगंगांमधल्या हायड्रोजनची कुजबुज ऐकतात, १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास. तिथे कुजबुजीचं कारण वेगळं आहे. पण पोटरीतला आणि आकाशगंगेतला हायड्रोजन एकच, हे वर्गात सांगताना मला दरवर्षी नव्याने आनंद होतो.)

मोरया! म्हणजे वाहतं रक्त वेगळं कसं उमटतं

आता मुद्द्याचं. विसर्जनाच्या दिवशी तुम्ही लक्ष्मी रोडवर उभे आहात असं समजा. कुणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणतं, सगळे 'मोरया!' म्हणून उत्तर देतात. ही आरोळी अगदी लागोपाठ येत राहिली, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत मिळाली नाही, तर काय होईल? फुटपाथवर उभ्या असलेल्यांचे घसे काही वेळात बसतील. तेवढ्यात बेलबाग चौकाकडून नवं पथक आत आलं. त्यांचे घसे ताजे, त्यांचा 'मोरया!' सगळ्यांवर उठून ऐकू येणार. डोळे मिटून फक्त आवाज कुठे मोठा आहे एवढं टिपत गेलात, तर मिरवणुकीचा मार्ग तुम्हाला कागदावर काढता येईल.

यंत्र नेमकं हेच करतं. शरीराच्या एका पातळ कापावर ते सेकंदाला तीस-चाळीस वेळा रेडिओझटके देतं. एका झटक्यानंतर केंद्रकांना पूर्ववत व्हायला एखादा सेकंद तरी हवा असतो, तो त्यांना मिळत नाही. स्नायू, त्वचा, मेंदूचा गर ही जागेवरची मंडळी थकतात आणि चित्रात काळपट दिसतात. धमनीतून त्या कापात दर ठोक्याला नवं रक्त शिरतं. त्याने अजून एकही झटका खाल्लेला नसतो, म्हणून त्याचं उत्तर खणखणीत येतं आणि धमनी पांढरीशुभ्र उमटते. या पद्धतीला 'टाइम ऑफ फ्लाइट' म्हणतात. मेंदूच्या धमन्यांसाठी ती जगभर रोज वापरली जाते आणि पाच-सहा मिनिटांत होते.

मग शिरा का दिसत नाहीत? त्यांतही रक्त वाहतंच की. पायात धमनीतलं रक्त वरून खाली येतं, शिरेतलं खालून वर जातं. म्हणून कापाच्या खालच्या बाजूला आणखी एक पट्टा आखून तिथे आधीच झटके दिले जातात. खालून येणारं रक्त हद्दीत पोचतं तेच घसा बसलेला घेऊन.

मामांना हे सांगितल्यावर ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "आणि मिरवणूक चौकात तुंबली तर?"

या तपासणीतली सगळी मेख या प्रश्नात आहे, असं माझं मत आहे. तुंबलेलं पथक त्याच जागी उभं राहून ओरडत राहिलं तर त्याचाही घसा बसणार. रक्त फार हळू वाहत असेल तर ते कापातच रेंगाळतं, झटके खातं आणि काळं पडतं. धमनी उघडी असूनही चित्रात गायब होते. धमनीने वळण घेतलं आणि ती कापाच्या पातळीतच आडवी धावू लागली, तरी तेच. आणि अरुंद जागेतून रक्त भसकन पुढे सुटतं तिथे भोवरे होतात. गर्दी फुटली की एका सुरात मोरया येत नाही, तसं तिथलं उत्तर विस्कटतं, आणि चाळीस टक्के अरुंद असलेली जागा साठ-सत्तर टक्क्यांची वाटू शकते. उलटी फसगतही होते. चरबी आणि काही दिवसांची रक्ताची गुठळी यांचा घसा मुळातच लवकर सुटतो, त्यामुळे ती जागेवर असूनही उजळ दिसतात आणि प्रवाह असल्याचा भास होतो.

डाय मग काय करतो?

आधी एक गोष्ट. आपण त्याला डाय म्हणतो, पण एमआरआयच्या इंजेक्शनला रंग नसतो, ते पाण्यासारखं दिसतं. त्यात गॅडोलिनियम नावाचा धातू असतो. तो केंद्रकांना झटक्यानंतर फार लवकर पूर्ववत करतो. आपल्या मिरवणुकीत सांगायचं तर तो पथकाला खडीसाखर वाटतो. मग पथक चालो की तुंबो, आवाज बसतच नाही. म्हणून डाय घातल्यावर मंद प्रवाहही दिसतो, वळणंही दिसतात, आणि चित्र काही सेकंदांत होतं. मामेभाऊ म्हणत होता त्यात एवढं तथ्य नक्की आहे.

आता मावशीच्या 'विषा'कडे येऊ. मोकळा गॅडोलिनियम विषारीच असतो, म्हणून औषधात तो दुसऱ्या रेणूच्या कवेत बांधून दिलेला असतो. मूत्रपिंडं चांगली असतील तर तो बहुतेक सगळा दिवसभरात लघवीवाटे निघून जातो. मूत्रपिंडं निकामी असतील तर तो शरीरात रेंगाळतो आणि बांधणी सैल असेल तर मोकळा सुटतो. १९९७ पासून डायलिसिसवरच्या काही रुग्णांची त्वचा लाकडासारखी कडक होऊ लागल्याचं, सांधे आखडल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्याचा धागा गॅडोलिनियमशी जोडला गेला तो २००६ मध्ये. त्यानंतर मूत्रपिंडांची तपासणी केल्याशिवाय डाय द्यायचा नाही, ही शिस्त आली. २०१४ मध्ये असंही दिसलं की अनेकदा डाय घेतलेल्यांच्या मेंदूत त्याचा अंश उरतो. त्याने काही अपाय होतो असं सिद्ध झालेलं नाही, तरी युरोपने २०१७ मध्ये सैल बांधणीच्या बहुतेक औषधांचा वापर थांबवला. आजची बहुतेक औषधं पिंजऱ्यासारख्या पक्क्या बांधणीची आहेत आणि त्वचेचा तो आजार त्यांच्यामुळे अतिशय विरळा झाला आहे. ज्याला डायची गरज आहे आणि ज्याची मूत्रपिंडं ठीक आहेत, त्याने घाबरून नकार देऊ नये.

अडचण अशी की मधुमेह धमन्या बिघडवतो तसाच मूत्रपिंडंही बिघडवतो. म्हणजे ज्यांच्या पायाच्या धमन्या पाहण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांनाच डाय सगळ्यात कमी मानवणारा. मामा यातलेच. गरोदर बायकांनाही अगदी निकड असल्याशिवाय गॅडोलिनियम देत नाहीत. ताकायासू नावाच्या आजारात, जो आपल्याकडे तरुण मुलींमध्ये आढळतो, महाधमनी आणि तिच्या फांद्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतात. पंचवीस वर्षांच्या मुलीला पुढची तीस वर्षं दर खेपेला डाय देत राहण्यापेक्षा, जिथे प्रवाहाच्या चित्रावर भागतं तिथे बिनडायचा मार्ग बरा, असं मला मनापासून वाटतं. धमनीच्या भिंतीला सूज आहे का हे पाहायचं असेल तेव्हा मात्र डाय लागू शकतो.

पायांसाठी ठोक्याशी जुळवून घेतलेला फोटो

पायातल्या धमन्या लांब आणि बारीक असतात, आणि तिथलं रक्त एकसारखं वाहत नाही. हृदय आकुंचन पावलं की जोराने पुढे, मग जवळजवळ स्तब्ध, पुन्हा जोराने पुढे. म्हणून छातीला ईसीजीचे चिकटे लावून यंत्राला ठोका कळवतात. त्याचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो.

पहिली तऱ्हा वजाबाकीची, जपानमधून २००० च्या सुमारास पुढे आलेली. स्वारगेटच्या चौकाचे दोन फोटो घ्या. एक सिग्नल लाल असताना: गाड्या उभ्या, स्वच्छ दिसतात. दुसरा सिग्नल सुटल्यावर, कॅमेऱ्याचा पडदा जरा जास्त वेळ उघडा ठेवून: धावत्या गाड्या पुसट होऊन नाहीशा. इमारती आणि कडेला लावलेल्या दुचाक्या दोन्हींत जशाच्या तशा. पहिल्यातून दुसरा वजा केला की इमारती गेल्या, दुचाक्या गेल्या, उरल्या फक्त रस्त्यावरच्या गाड्या. धमनी ठोक्याच्या जोरात काळी आणि विसाव्यात पांढरी दिसते, शिरेतलं संथ रक्त दोन्ही वेळा पांढरंच. वजाबाकीत शिरा कटतात, धमनी राहते.

दुसरी तऱ्हा २०१० मध्ये मांडली गेली. तिला 'क्विस' म्हणतात आणि मामांची तपासणी तिनेच झाली. यात आधी त्या कापातल्या सगळ्यांचा घसा बसवायचा, मग ठोक्याबरोबर ताजं रक्त आत शिरेपर्यंत थांबायचं, आणि रक्त स्थिरावलं की फोटो. मग पुढचा काप, पुढचा ठोका. कंबरेपासून घोट्यापर्यंत असेच शेकडो काप, म्हणून बरीच मिनिटं निश्चल पडून राहावं लागतं.

वेगसुद्धा मोजता येतो

हे थोडक्यात सांगते. मंडईत गाळ्यांची रांग आहे असं धरा. पहिल्या फेरीत प्रत्येकाला त्याच्या गाळ्याच्या क्रमांकाइतके रुपये दिले, दुसऱ्या फेरीत तेवढेच परत घेतले. जो जागेवरच बसून होता त्याचा हिशेब चुकता. पण जो दरम्यान दहाव्या गाळ्यावरून तेराव्यावर सरकला, त्याने दहा घेतले आणि तेरा दिले. तीन रुपयांचा तोटा म्हणजे तीन गाळ्यांची चाल. यंत्र चुंबकीय क्षेत्राला एकदा एका बाजूला आणि लगेच उलट्या बाजूला उतार देऊन असाच हिशेब करतं, आणि उरलेल्या फरकावरून रक्ताचा वेग काढतं. या पद्धतीला 'फेज कॉन्ट्रास्ट' म्हणतात. नावात कॉन्ट्रास्ट असला तरी यात डाय लागत नाही. रिपोर्टमधला तो शब्द वाचून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत.

हे अजून प्रयोगावस्थेत आहे का?

नाही. उलट प्रवाह मोजणं हे एमआरआयच्या चित्रांहूनही जुनं आहे. चुंबकीय अनुनादाने पहिलं चित्र काढलं गेलं १९७३ मध्ये. त्याआधी चौदा वर्षं, १९५९ मध्ये, याच तत्त्वाने उंदराच्या शेपटीतल्या रक्ताचा वेग मोजून झाला होता. टाइम ऑफ फ्लाइट ऐंशीच्या दशकापासून वापरात आहे. पायांसाठीच्या पद्धती त्या मानाने नव्या, आणि सगळ्या सेंटरवर त्या मिळतातच असं नाही. यंत्रात ती सोय हवी आणि चालवणाऱ्याचा हात बसलेला हवा. अपॉइंटमेंट घेताना 'पायाची बिनडायची अँजिओ तुमच्याकडे नेहमी होते का?' हे स्पष्ट विचारावं.

डॉप्लर किंवा सीटी का नको?

डॉप्लर सोनोग्राफी पहिली तपासणी म्हणून उत्तमच. ती स्वस्त आहे, निर्धोक आहे, आणि मामांचीही झाली होती. पण ती एकेका जागेची पाहणी आहे. पोटातल्या वायूमागे आणि कवटीआड ती नीट पोचत नाही. शस्त्रक्रिया किंवा अरुंद धमनी रुंद करायला फुगा घालण्याआधी सर्जनला कंबरेपासून घोट्यापर्यंतचा सलग नकाशा हवा असतो.

सीटी अँजिओ झटपट होते, पण तिला आयोडीनचा डाय लागतो, जो थकलेल्या मूत्रपिंडांना जड जाऊ शकतो. शिवाय जुन्या मधुमेहात धमन्यांच्या भिंतीत चुना साचतो. सीटीत तो इतका चकाकतो की आतली वाट झाकोळते. एमआरआयला चुन्याचा असा त्रास होत नाही. या चुन्यामुळेच मामांच्या घोट्याचा रक्तदाब फसवा आला होता. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब यांचं गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं की पायाला रक्त कमी पडतंय असं समजतात. मामांचं आलं १.४ च्या वर. कडक झालेली धमनी पट्ट्याने दबतच नाही, म्हणून आकडा उगाच मोठा येतो.

आत जाण्याआधी

चुंबक कायम चालू असतो, फोटो काढत नसतानाही. पेसमेकर, मेंदूत बसवलेली क्लिप, जुन्या ऑपरेशनमधली सळई किंवा स्क्रू, डोळ्यात कधी गेलेला लोखंडाचा कण, सगळं सांगायचं. साडीची सेफ्टी पिन विसरू नका, केसातल्या पिनाही. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात. पाय हलवायचा नाही, आणि बिनडायच्या तपासणीत ही गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण वेळ जास्त लागतो आणि कापाला काप जुळावा लागतो. ठोका अनियमित असेल तर तसं आधी सांगा, ठोक्याशी जुळणारी पद्धत मग नीट चालत नाही.

'दिसत नाही' म्हणजे बंद?

मामांचा रिपोर्ट संध्याकाळी आला. उजव्या मांडीत एक अरुंद जागा. आणि खाली एक ओळ: उजव्या अँटेरियर टिबिअल धमनीच्या उगमाशी प्रवाहाचा सिग्नल दिसत नाही. ग्रुपवर एका भावाने ती ओळ 'धमनी पूर्ण बंद' अशी वाचली, दुसऱ्याने पाय कापावा लागतो का असं विचारलं, आणि मामी जेवल्याच नाहीत.

ही धमनी गुडघ्यामागून निघते आणि दोन हाडांमधल्या पडद्यातून आडवी पुढे येते, मग नडगीच्या बाजूने खाली उतरते. म्हणजे उगमाशी ती कापाच्या पातळीतच धावते. त्यात वर मांडीत अडथळा, म्हणून खाली येणारं रक्त आधीच मंद. मिरवणूक वळणावर तुंबली तर तिचा आवाज बसतो, तीच ही जागा. रेडिओलॉजिस्टनेही 'बंद' लिहिलं नव्हतं, 'सिग्नल दिसत नाही' लिहिलं होतं, आणि पुढे डॉप्लरशी पडताळून पाहण्याची सूचना होती. ती ओळ घरात कुणी वाचलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले. डॉक्टरबाईंनी नडगीच्या वरच्या भागावर गार जेल लावलं, प्रोब तिरका धरला, थोडा सरकवला. आधी नुसती खरखर. मग प्रोब आणखी तिरका केला आणि स्पीकरमधून आवाज आला, हलका, लांबलेला, सुसाट नाही, पण दर ठोक्याला येणारा. पडद्यावर बुटक्या गोलसर टेकड्या उमटू लागल्या. "चालू आहे," बाई म्हणाल्या, "हळू आहे, पण चालू आहे." मामांनी मान उचलून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हीच का ती आडवी?"

मांडीतल्या अरुंद जागेसाठी सध्या गोळ्या आणि चालणं ठरलंय: पोटरी भरून येईपर्यंत चालायचं, थांबायचं, मोकळी झाली की पुन्हा चालायचं, रोज अर्धा-पाऊण तास. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचंय. पायऱ्या तूर्त बंद. मामा पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जातात, पहिल्या पायरीला हात लावतात आणि परत फिरतात.